आठ सिटिंग झाल्या तरी जबडा आणि डोकं दुखतंच आहे, फिजिओथेरपी थांबवू का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सात महिन्यांपासून उजव्या कानाच्या पुढे जबडा दुखतो. तोंड उघडताना कट्‌ असा आवाज येतो. दुपारनंतर त्याच बाजूचं कानशील ठणकायला लागतं आणि मान आखडलेली असते. दातांच्या डॉक्टरांनी दाढा चांगल्या आहेत असं सांगून रात्री दातांवर घालायला गार्ड दिला. मानेच्या एमआरआयमध्ये मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आल्याचं लिहिलंय. फिजिओथेरपीच्या आठ सिटिंग झाल्या, त्यात शेक आणि मशीन. त्या दिवशी बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी २१ वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतेय आणि आता माझ्याकडे मुख्यतः मान, जबडा आणि डोकेदुखीचेच पेशंट येतात. माझं उत्तर असं: फिजिओथेरपी थांबवू नका, सध्या जे चाललंय ते थांबवा. तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, पण त्या आठ भेटींत तुमचं तोंड किती उघडतं हे कुणी मोजलं, जबड्याचे स्नायू दाबून पाहिले किंवा मान दोन्हीकडे वळवून तपासली, असं त्यात कुठेच नाही. म्हणजे तुमची तपासणी अजून व्हायची आहे. शेक वाईट नाही, मीही देते. आखडलेला स्नायू तासाभरासाठी सैल होतो, आणि त्या तासाभरात जे करून घ्यायचं ते करून घ्यायचं असतं. ते झालंच नाही, तर दुसऱ्या दिवशी स्नायू आपल्या जागी परत येणारच.

व्यायामाकडे वळण्याआधी एक प्रसंग सांगते. साठी ओलांडलेल्या एक बाई जबडा दुखतो म्हणून आल्या होत्या. चावायला लागलं की दोन मिनिटांत जबडा भरून यायचा आणि थांबलं की दुखणं जायचं. मी स्नायू तपासत होते. केसांत कंगवा घातला की डोक्याची कातडी दुखते, हे त्यांनी उठता उठता सांगितलं. डोकेदुखीही नवीनच होती. मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज होती. पन्नाशीनंतर होणाऱ्या या आजारात स्टेरॉइड वेळेत सुरू झालं नाही, तर डोळ्याची दृष्टी जाऊ शकते. त्यांची वाचली. उठता उठता त्या बोलल्या नसत्या तर, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही. म्हणून आता हे प्रश्न मी सगळ्यात आधी विचारते.

तसंच, काही क्षणांत कळस गाठणारी भयंकर डोकेदुखी, तापासोबत ताठलेली मान, अचानक सुरू झालेल्या मानदुखीबरोबर दोन-दोन दिसणं किंवा बोलताना जीभ अडखळणं, चालताना-जिने चढताना जबड्यात आणि छातीत येणारी कळ, अपघातानंतरचं दुखणं, यांपैकी काहीही असेल तर फिजिओकडे नाही, थेट हॉस्पिटलमध्ये जायचं. गालावर विजेचा झटका बसल्यासारखी सेकंदभराची सणक येत असेल तर तो बहुधा नसेचा प्रश्न असतो, त्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट. तुमच्या लिहिण्यात यांतलं काही नाही, पण एकदा स्वतःशी पडताळून पाहा.

आता जबडा. कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड सावकाश उघडा. बोटाखाली जे हलतं तो सांधा. सुरुवातीला तो जागच्या जागी फिरतो आणि तोंड आणखी उघडलं की पुढे सरकतो. मधे एक लहानशी चकती असते. ती पुढे सरकलेली असली आणि तोंड उघडताना पुन्हा जागेवर आली, की कट्‌ असा आवाज होतो. आवाज येणारे आणि काहीच न दुखणारे लोक भरपूर असतात, नुसत्या आवाजावर उपचार लागत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी आवाज घालवायच्या मागे लागत असे. दुखणं जायचं, तोंड नीट उघडायला लागायचं, आवाज मात्र तसाच राहायचा, आणि पेशंटला वाटायचं की आपण बरे झालोच नाही. ही समजूत मीच त्यांच्या डोक्यात घातली होती, याचं मला वाईट वाटतं. आता मी दोनच गोष्टी विचारते: आवाजासोबत कळ येते का, आणि तोंड मधेच अडतं का? एक मात्र लक्षात ठेवा. आवाज एकाएकी बंद झाला आणि त्याच वेळी तोंड उघडणंही कमी झालं, तर चकती अडकलेली असू शकते. तेव्हा जोर लावून उघडायचं नाही, लगेच दाखवायचं.

आरशासमोर उभं राहून आजच मोजा. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं एकावर एक मावली, तर उघडणं साधारण ठीक आहे. पट्टीने मोजलं तर बहुतेक मोठ्या माणसांत हे माप ४० ते ५० मिलिमीटर भरतं. ३५ च्या खाली असेल तर सांधा किंवा स्नायू अडवतोय. हनुवटी सरळ खाली येते की एका बाजूला वळते, तेही पाहा. माप तारखेसह लिहून ठेवा. दुखणं रोज वरखाली होतं, त्यामुळे फरक पडतोय की नाही हे माप जास्त खरं सांगतं.

तुमचं दुखणं दुपारनंतर वाढतं, यावरून मला वाटतं की यात स्नायूचा वाटा मोठा आहे. गालावर हात ठेवून दात आवळा, जो टणक होतो तो मॅसेटर. कानशिलावर फुगतो तो टेम्पोरॅलिस. मॅसेटरचं दुखणं दाढांमध्ये जाणवतं आणि टेम्पोरॅलिसचं वरच्या दातांमध्ये. चांगल्या दाढेचं रूट कॅनल करून घेऊनही दुखणं न थांबलेले लोक माझ्याकडे आलेले आहेत. तुमच्या डॉक्टरांनी दाढांना हात लावला नाही, हे फार चांगलं केलं.

हे स्नायू दमतात कशाने? झोपेत दात खाण्याचं सगळ्यांना माहीत असतं. पण दिवसा, कामात डोकं घातलेलं असताना दात आवळून बसण्याची सवय लक्षातच येत नाही. खरं तर जबडा निवांत असताना वरच्या-खालच्या दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटर फट असते. चावताना आणि गिळताना दात टेकतात, तेवढंच. तोंडाने ‘न’ म्हणा आणि जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या, दातांवर न रेटता. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर. ही जबड्याची विश्रांतीची जागा. फोनच्या मागे, स्क्रीनच्या कडेला, दारावर छोटे रंगीत ठिपके चिकटवा. ठिपका दिसला की बघायचं: दात टेकलेत का? टेकले असतील तर श्वास सोडा आणि जबडा खाली सोडा. पहिल्या आठवड्यात लोक येऊन सांगतात, ‘दर वेळी टेकलेलेच होते.’ मला विचाराल तर सगळ्या उपचारात हा भाग सर्वांत मोलाचा आहे, आणि यासाठी माझ्याकडे येण्याचीही गरज नाही.

व्यायाम त्याच्यानंतर. जीभ टाळूला तशीच ठेवून तोंड जेवढं उघडतं तेवढंच उघडायचं आणि मिटायचं. जीभ वर असल्यामुळे सांधा फक्त फिरतो, पुढे घसरत नाही. सहा वेळा, दिवसातून सहादा. हा नेम चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांच्या पद्धतीतला आहे. मला तो आवडतो, कारण एकेक फेरी अर्ध्या मिनिटात होते आणि त्या निमित्ताने दिवसातून सहा वेळा जबड्याकडे लक्ष जातं. मॅसेटरवर दोन बोटांनी वरून खाली, सोसेल इतकाच दाब देत मिनिटभर चोळा. आतले स्नायू फिजिओने हातमोजे घालून, तोंडाच्या आतून सैल करायचे असतात, ते स्वतः करू नका. काही आठवडे मोठी जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा, चिवट आणि कडक खाणं टाळा, च्युइंगगम बंद. पण पातळ खाण्यावर महिनोन्महिने राहू नका, जबड्यालाही काम लागतंच.

आता मान. जबड्याबरोबर डोकं का दुखतं, याचं उत्तर मेंदूच्या खालच्या टोकाशी आहे. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची नस तिथे एकाच केंद्रात येऊन मिळतात, त्यामुळे मानेतलं दुखणं कपाळात किंवा डोळ्यामागे जाणवू शकतं. ते मानेतून येतंय का हे पाहायची एक साधी चाचणी आहे. हनुवटी पूर्ण छातीकडे नेऊन फिजिओ तुमचं डोकं डावीकडे-उजवीकडे वळवतो. खालची मान अशी अडकवली की वळणं मुख्यतः पहिल्या दोन मणक्यांमध्ये उरतं आणि ते दोन्ही बाजूंना साधारण ४४ अंश असतं. एका बाजूला ते दहा अंशांहून जास्त कमी भरलं आणि ओळखीची डोकेदुखी जागी झाली, तर मानेवर काम करण्यात अर्थ आहे. दोन्हीकडे नीट वळलं तर डोकेदुखी या दोन मणक्यांतून येण्याची शक्यता कमी. दोन मिनिटांची ही चाचणी तुमच्यावर झालेली नाही, हेच मला खटकतं.

मानेत दोष सापडला, तर ऑस्ट्रेलियाच्या फिजिओथेरपिस्ट ग्वेंडोलिन जल यांच्या गटाचं २००२ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम मला नेहमी आठवतं. मानेमुळे डोकं दुखणाऱ्या २०० जणांचे चार गट केले. तीन गटांवर सहा आठवडे उपचार केले, एकावर हाताने, एकावर व्यायामाने, एकावर दोन्हींनी, आणि चौथ्याला यातलं काहीच दिलं नाही. उपचार मिळालेल्या तिन्ही गटांत डोकेदुखी कमी झाली आणि तो फायदा वर्षभरानंतरही टिकलेला होता. त्यातला व्यायाम दिसायला अगदी किरकोळ आहे. उताणं पडून, डोकं न उचलता, ‘हो’ म्हणताना हलवतो तेवढीच मान हलवायची आणि १० सेकंद धरायची. असं दहा वेळा. गळ्याच्या पुढचे जाड स्नायू ताणून वर आले, तर जोर जास्त लागतोय असं समजा. पुढे खांद्यांच्या पात्यांचे आणि पाठीच्या वरच्या भागाचे व्यायाम वाढवत न्यायचे. मान कटकन मोडून घेण्याच्या फंदात मात्र पडू नका, विशेषतः ज्याने तुमची तपासणीच केलेली नाही अशा माणसाकडून.

त्या एमआरआयचं दडपण सोडा. जपानमध्ये १,२११ निरोगी, काहीही त्रास नसलेल्या लोकांच्या मानेचे एमआरआय काढले, तेव्हा ८७.६ टक्के लोकांमध्ये चकती बाहेर आलेली दिसली. ते निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांना लगेच दाखवा. नाही तर त्या एका ओळीमुळे मान जपून, न हलवता ठेवू नका. तशीच ती आणखी आखडते.

गार्डबद्दल: सकाळी जबडा हलका वाटत असेल तर घाला, पण सगळी आशा त्याच्यावर ठेवू नका. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२३ च्या डिसेंबरमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्याबद्दल मार्गदर्शक सूचना आल्या. देखरेखीखाली केलेले जबड्याचे आणि बसण्या-उभं राहण्याच्या ढबीचे व्यायाम, हाताने सांधा मोकळा करणं, स्नायूंच्या दुखऱ्या जागांवर काम आणि मनावरचा ताण हाताळायला शिकवणारी थेरपी यांची त्यात ठाम शिफारस आहे. दात कायमचे घासून चावा बदलायला कुणी सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. घासलेला दात परत येत नाही.

गोळ्यांचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, ‘रोजच एक घेतो’. याकडे गंभीरपणे पाहा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ घेतलं, तर गोळीच डोकेदुखी चालू ठेवू शकते. ट्रिप्टान (अर्धशिशीवरच्या खास गोळ्या) किंवा एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्यांसाठी ही मर्यादा १० दिवसांची आहे. अशा वेळी मी कितीही मान सैल केली तरी उपयोग होत नाही. दोन आठवडे एक छोटी नोंद ठेवा: कधी दुखलं, किती वेळ, गोळी घेतली का, उजेड-आवाज नकोसा झाला का, मळमळलं का. शेवटच्या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर अर्धशिशी असू शकते, आणि अर्धशिशीत मान दुखणं हा बऱ्याचदा तिचाच भाग असतो. ती फिजिओने बरी होत नाही, तिच्यासाठी डॉक्टर हवेत. ही नोंद घेऊन जा आणि गोळ्या त्यांच्या सल्ल्यानेच कमी करा.

पुढच्या भेटीत फिजिओला सरळ विचारा: तपासणीत काय सापडलं, घरी नेमकं काय आणि किती वेळा करायचं, आणि कोणतं माप सुधारलं म्हणजे उपचार लागू पडतोय असं समजायचं? चांगल्या फिजिओला या प्रश्नांचा राग येत नाही. व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीइतकंच झालं, तर चालेल. त्याहून जास्त रेंगाळलं तर व्यायाम अर्धा करा, बंद करू नका. सहा ते बारा आठवडे धरून चाला. चौथ्या आठवड्यापर्यंत माप, गोळ्यांचे दिवस आणि दुखणं यांपैकी काहीच हललं नाही, तर पुन्हा तपासणी हवी, आणखी आठ सिटिंग नकोत.

तुम्ही शेवटी आईंच्या गुडघ्याचंही विचारलंत. एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणून त्यांनी चालणं सोडलं असेल, तर त्यांना हळूहळू पुन्हा चालतं करा. झीज आणि दुखणं यांचं प्रमाण सारखं नसतं, आणि गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम हाच पहिल्या फळीतला उपचार आहे. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, सुरुवातीला उंच खुर्चीवरून पाच वेळा, मग खुर्ची हळूहळू बुटकी करत. गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असेल किंवा ताप असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा.

तोंड उघडण्याचं आजचं माप आणि दोन आठवड्यांची नोंद झाली की कळवा. तुम्ही एकाच बाजूने चावता का आणि सकाळी उठल्या उठल्या जबडा कसा असतो, तेही लिहा, म्हणजे गार्डबद्दल जास्त नेमकं सांगता येईल.