वय ४३, घर, नोकरी, दोन मुलं आणि पोहता येत नाही. पहिली ट्रायथलॉन जमेल का?

जमेल. मी तुमच्याच वयात सुरुवात केली आणि ४४व्या वर्षी पहिली स्पर्धा, म्हणजे लागोपाठ पोहणं, सायकल आणि धावणं, पूर्ण केली. तेव्हा घरात दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा, गुडघ्यांनी हैराण झालेल्या सासूबाई (त्यांना मी आत्या म्हणते) आणि आम्हा नवरा-बायकोचं औषधांचं दुकान, एवढा पसारा होता. पोहण्याची पाटी कोरी. आम्ही कोल्हापूरचे. इथली पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत नाहीतर पंचगंगेत पोहायला शिकायची, पण आमच्या गल्लीत ते शिक्षण पोरांपुरतंच होतं. आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो.

तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीचे गोव्याचे फोटो पाहिल्यापासून डोक्यात हेच आहे, पण अंतरं ऐकून धडकी भरते. भरणारच. गोव्याची ती स्पर्धा म्हणजे मिरामारच्या समुद्रात १.९ किमी पोहणं, मग ९० किमी सायकल आणि वर २१.१ किमी धावणं. पहिल्या वर्षी तिकडे बघूही नका. स्प्रिंट नावाचा प्रकार असतो, त्यात ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल आणि ५ किमी धावणं. तीही पूर्ण ट्रायथलॉनच, कुणी तिला अर्धी म्हणत नाही. तिथून सुरू करा.

वयाची शंका मलाही होती. अमेरिकेत मॅडोना ब्यूडर नावाच्या ख्रिस्ती साध्वी आहेत. त्यांनी धावायला सुरुवात केली ४८व्या वर्षी, पहिली ट्रायथलॉन ५२व्या वर्षी, आणि २०१२ मध्ये ८२ वर्षांच्या असताना कॅनडात पूर्ण आयर्नमॅन केली. म्हणजे ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणं. हे वाचल्यावर मी वयाचा विषय मनातून काढून टाकला.

तरी एक काम सगळ्यांच्या आधी करा. डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर, ईसीजी आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. औषधांच्या दुकानात उभी राहून इतरांना सल्ले देणाऱ्या माझं स्वतःचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. बायकांचं ते १२च्या वर हवं. चाळिशीनंतर पाळी अनियमित होते, कधी जास्त जाते, आणि दम लागला की आपण वयाला दोष देतो. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्यावर मला जिने चढताना फरक कळला. त्या गोळ्यांच्या आगेमागे चहा पिऊ नका, चहाने लोह अंगाला कमी लागतं. आणि व्यायाम करताना छातीत दाबल्यासारखं झालं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

आता मुख्य गोष्ट. घरसंसार सांभाळून हे करणाऱ्या बाईपुढे खरे अडथळे दोनच, पाणी आणि पहाट.

पाण्याचं आधी सांगते. आमच्याकडे पोहण्याच्या तलावावर महिलांची बॅच दुपारी चारची, ती दुकानामुळे जमण्यासारखी नव्हती. म्हणून सकाळी सहाच्या सर्वांच्या बॅचला नाव घातलं. गुडघ्यापर्यंतचा, बाह्या असलेला कॉस्च्यूम मिळतो, तो घेतला. पहिले दोन दिवस संकोच वाटला, तिसऱ्या दिवसापासून पाण्याच्या भीतीपुढे संकोचाला जागाच उरली नाही. पहिला आठवडा मी पायऱ्या सोडल्या नाहीत. शिकवणाऱ्या सरांनी मला कडेची दांडी धरायला लावली आणि म्हणाले, "ताई, तोंड पाण्यात घाला आणि आत ओंकार म्हणा. ओठ मिटून, नाकातून. आवाज संपला की वर या." मी म्हटला. बुडबुडे गालावरून कानाकडे सरकत वर गेले, डोक्यात तो घुमणारा आवाज भरला, आणि पाण्यात उतरल्यापासून पहिल्यांदाच माझे आखडलेले खांदे खाली आले. त्या दिवशी मी दीडशे वेळा तरी तेच केलं असेल.

त्यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण नव्वद टक्के भीती तिथेच आहे असं माझं मत आहे. नवीन माणूस पाण्याखाली श्वास धरून ठेवतो. अंगात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हवा संपलेली नसते. मग वर आल्यावर आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, या दोन कामांना तेवढ्या क्षणात वेळ पुरत नाही. म्हणून पाण्यात सोडत राहायचं आणि तोंड वर आलं की फक्त घ्यायचं. हे जमेपर्यंत हात-पाय मारण्याची घाई करू नका. दुसरं, मान वर काढू नका. डोकं वर गेलं की पाय खाली जातात आणि सगळी ताकद तरंगण्यातच संपते. मला २५ मीटर न थांबता जायला पाच आठवडे लागले. ७५० मीटर म्हणजे त्या २५ मीटरच्या तलावात या टोकापासून त्या टोकापर्यंत ३० वेळा. ते सात महिन्यांनी जमलं.

मला धीर देणारा एक नियम तुम्हालाही सांगते. ट्रायथलॉनमध्ये फ्रीस्टाइलची (एकेक हात डोक्यावरून पुढे टाकत पोहण्याची) सक्ती नसते. ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखं पोहणं) चालतो, पाठीवर पडून राहिलात तरी चालतं. दमलात तर बचावाच्या होडीला धरून श्वास घेता येतो, तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही एवढीच अट. म्हणजे पाण्यात तुम्ही एकट्या नसता. आणि पोहणं पहिल्यांदा ठेवलंय तेही आपल्या भल्यासाठीच. १९७४ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला झालेल्या पहिल्या आधुनिक ट्रायथलॉनमध्ये धावणं आधी आणि पोहणं शेवटी होतं. दमलेल्या माणसाला पाण्यात सोडणं धोक्याचं, म्हणून पुढे क्रम फिरला.

आता पहाट. इथे माझं चुकलं आणि ते तुमच्या बाबतीत होऊ नये असं मनापासून वाटतं. माझा हट्ट असा, की माझ्या हौसेपायी घरातल्या कुणाला तोशीस पडता कामा नये. म्हणून मी पावणेचारला उठायचे. भाकरी, भाजी, चार डबे, पाणी भरणं, सगळं उरकून सहाला तलावावर. रात्री दुकान बंद करून परत स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास. दोन महिने हे रेटलं. मग एका दुपारी दुकानात एका आजोबांना रक्तदाबाची २५ मिलिग्रॅमची गोळी द्यायची, ती मी ५०ची काढून दिली. बिल करताना ह्यांच्या लक्षात आलं म्हणून ती पट्टी परत कपाटात गेली. माझे हात थरथरत होते. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्या रात्री मी सांगून टाकलं, उद्यापासून पोहणं बंद. ह्यांनी फक्त विचारलं, "आठवड्याला नेमके किती तास लागतात तुला?" मला सांगता येईना. जुन्या बिलबुकाच्या पाठीवर हिशोब मांडला. पोहणं तीन वेळा पाऊण तास, धावणं दोन वेळा अर्धा तास, सायकल एकदा पाऊण तास आणि रविवारी दीड तास. साडेपाच तास झाले, जाण्यायेण्यासकट साडेसात. एवढेच. पण हे साडेसात तास मी झोपेतून काढत होते आणि घरात कुणाला त्याचा पत्ताच नव्हता, कारण मीच लागू दिला नव्हता.

मग एकेकाने आपापलं सांगितलं. आत्या म्हणाल्या, "भाकरी माझ्याकडं. मला ओट्याशी उभं राहवत नाही, शेगडी टेबलावर ठेव, खुर्चीत बसून थापते. पण रविवारी संध्याकाळी मला अंबाबाईला न्यायचं." पाणी आणि डबे ह्यांच्याकडे गेले. मुलाने त्याची गिअरची सायकल दिली. मुलीची अट सगळ्यांत कडक होती. रात्री नऊ ते दहा मी तिच्याजवळ बसायचं आणि पेंगायचं नाही. ती अट मी पाळली, कारण पहाटे आता पाचला उठायचं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या परीक्षेसाठी मी पोहणं आठवड्यातून एकदाच ठेवलं. त्याने काही बिघडलं नाही, एप्रिलमध्ये पंधरा दिवसांत गाडी परत रुळावर आली.

तुम्हीही असंच करा. "मी ट्रायथलॉन करू का?" असं घरात विचारलंत तर हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल. तास मोजून, कुठलं काम कुणाकडे जाणार आणि त्याच्या बदल्यात त्याला काय मिळणार, हे मांडून विचारा. आपण एकटीने झेललं की घरच्यांना वाटतं सगळं आपोआप चाललंय, आणि आपल्या मनात त्यांच्याबद्दल कडवटपणा साठत जातो. माझ्या मनात तो साठायला लागला होता, म्हणून सांगते.

सायकल आणि धावणं मी थोडक्यात उरकते. सायकल नवी घेऊ नका. गिअर असलेली, ब्रेक चांगले असलेली घरातली किंवा मागून आणलेली चालते. सीटची उंची मात्र नीट करून घ्या, पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा, नाहीतर दुखणं मागे लागतं. मी रविवारी पहाटे पन्हाळा रस्त्याने केर्लीपर्यंत जाऊन परत यायचे. धावणं विद्यापीठाच्या रस्त्यावर, दोन मिनिटं पळायचं आणि एक मिनिट चालायचं, असं सुरू केलं. शेवटच्या दोन महिन्यांत सायकलवरून उतरल्याबरोबर दहा मिनिटं पळायची सवय लावा. पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. ते काय असतं हे आधीच माहीत असलं की स्पर्धेत घाबरायला होत नाही.

तळ्यातल्या पाण्याची सवय ही शेवटची तयारी. तिथे पोहण्याच्या तलावासारखी तळाला निळी रेघ नसते, हिरवट अंधार असतो, हात समोर गेला की दिसत नाही. सात-आठ हात मारले की डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण बघायची, नाहीतर आपण तिरके जातो. तिथे एकटीने कधीही उतरू नका. माहीतगार मंडळी, कंबरेला बांधलेला तरंगता फुगा आणि काठावर लक्ष ठेवणारं माणूस, हे तिन्ही असेल तरच.

माझी स्पर्धा पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर राजाराम तलावात, म्हणजे उघड्या तळ्यात, झाली. आदल्या रात्री पिशवी भरताना एक लक्षात ठेवा. पाण्यातून बाहेर आल्यावर ओल्या पायात मोजे चढत नाहीत, म्हणून छोटा टॉवेल आणि पावडर ठेवा. आणि हेल्मेटचं बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम आहे.

दोनशे मीटरवर माझा श्वास सुटला. कुणाचा तरी पाय हाताला लागला, पाणी नाकात गेलं आणि ओंकार, बुडबुडे सगळं विसरले. मी होडीकडे वळले. होडीतला पोरगा विशीचा असेल. म्हणाला, "काकू, घाई नाही, धरा." मी धरलं. होडीच्या कडेला रंगाचे पोपडे उडालेले होते, त्यांच्याकडे बघत मी वीस श्वास मोजले. मग ब्रेस्टस्ट्रोकने निघाले आणि उरलेलं अंतर तसंच संपवलं. पोहायला २६ मिनिटं, सायकलला ५६, धावायला ४१, मधलं कपडे-बूट बदलणं धरून एकूण २ तास १४ मिनिटं. शेवटच्या वळणावर आत्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, हातात डबा घेऊन. पोळी-गुळाचा लाडू होता. तिथेच उभ्याने खाल्ला.

तुम्ही विचारलंय की आत्ता मे महिन्यात नाव घालू का. मेमध्ये नको. सुट्टीच्या शिबिरांमुळे तलावात मुलांची गर्दी असते आणि सरांना मोठ्यांकडे बघायला फुरसत नसते. शाळा सुरू झाल्या की तलाव मोकळा होतो. तोवर रक्त तपासून घ्या, घरात तासांचा कागद मांडा आणि रोज बादलीत तोंड घालून ओंकार म्हणा.