जुन्या अमेरिकन सोल गाण्यांच्या रेगे आवृत्त्या म्हणजे निव्वळ नक्कलच नव्हे का? ऐकायला सुरुवात कुठून करावी?

आपल्या प्रश्नातला ‘नक्कल’ हा शब्द मी तीस वर्षांपूर्वी घरातच ऐकला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

त्या वेळी मी आणि माझा आतेभाऊ लंडनमध्ये ब्रिक्स्टनला एका खोलीत राहत होतो. तो सोलचा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या त्या भावपूर्ण गायकीचा, भक्त होता आणि कर्टिस मेफिल्डच्या ‘द इम्प्रेशन्स’ या गटाच्या रेकॉर्ड कडेला धरूनच हाताळत असे. एका शनिवारी मी ‘द टेक्निक्स’ या जमैकन गटाचे ‘क्वीन मॅजेस्टी’ आणले. निर्माते ड्यूक रीड यांनी जमैकात किंग्स्टनच्या ट्रेझर आइल स्टुडिओत १९६७ साली केलेले हे गाणे म्हणजे इम्प्रेशन्सचेच ‘मिन्स्ट्रेल अँड क्वीन’. गटाचा गायक पॅट केली याचा उंच, कोवळा आवाज लागून अर्धे कडवेही झाले नसेल, तोच “ही शुद्ध चोरी आहे” असे म्हणत भावाने सुई उचलली. ती घसरली आणि जो ओरखडा पडला, तो आजही त्याच ओळीवर टक् करून वाजतो.

एकच बंदिश पाच गायकांकडून ऐकून पाचही वेळा मान डोलावणाऱ्या माणसाने हे म्हणावे, याचा मला अजून राग येतो. ‘क्वीन मॅजेस्टी’ रॉकस्टेडीच्या, म्हणजे रेगेच्या लगेच आधीच्या काळातले आहे, पण ठेक्याची मेख तीच आहे: चार मात्रांपैकी पहिली ड्रमवाला मोकळी सोडतो आणि सगळा भार तिसरीवर टाकतो, तर गिटारचे तुटक आघात दुसरी-चौथीवर पडतात. जिथे आपण समेची वाट पाहतो तिथे काहीच येत नाही, आणि मूळ गाण्यातली आर्जवी विनवणी अचानक निवांत, काहीशी हट्टी होऊन जाते. याला नक्कल म्हणणाऱ्याने हाताने ताल धरून ऐकलेले नसते.

सुरुवात याच गाण्यापासून करावी. मग लुइसा मार्कचे १९७५ सालचे ‘कॉट यू इन अ लाय’ ऐकावे. न्यू ऑर्लीन्सच्या रॉबर्ट पार्करचे हे गाणे लंडनच्या एका शाळकरी मुलीने आपलेसे केले आणि लव्हर्स रॉकची, म्हणजे लंडनमध्ये रुजलेल्या रेगे प्रेमगीतांची, सुरुवात तिथून मानली जाते. बॉब अँडी आणि मार्सिया यांचे ‘यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’ (१९७०) गाजले खरे, पण ब्रिटिश बाजारासाठी वरून चढवलेली व्हायोलिने मला अनावश्यक वाटतात. टूट्स हिबर्टचा ‘टूट्स इन मेम्फिस’ (१९८८) हा अल्बम शेवटी ठेवावा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मूळ रचनाकाराला श्रेय देण्यात जमैकातले निर्माते अनेकदा ढिले होते. मेफिल्डच्या ‘पीपल गेट रेडी’चा आधार बॉब मार्लीच्या वेलर्स या गटाच्या १९६५ सालच्या ‘वन लव्ह’मध्येही होता, पण शीर्षकात त्या गाण्याचे आणि श्रेयात मेफिल्डचे नाव आले ते १९७७ साली, ‘एक्सोडस’ या अल्बमवर. चोरीचा आरोप भावाने एवढ्यापुरता केला असता, तर मी गप्प बसलो असतो. त्याने तो ठेक्यावर केला, आणि रेकॉर्डची भरपाई अद्याप दिलेली नाही.