पन्नाशीनंतरचा नृत्यसंगीताचा अल्बम : वाचकांचे प्रश्न

अमेरिकन गायिका आणि अभिनेत्री शेर यांच्या १९९८ सालच्या ‘बिलीव्ह’ या अल्बमविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : ज्या कलावतीला अभिनयासाठी ऑस्कर मिळाले होते, तिने पन्नाशी उलटल्यावर क्लबमध्ये वाजणाऱ्या गाण्यांकडे वळावे, यामागे निव्वळ व्यापारी हिशेब नव्हता का?
— एक वाचक, नाशिक

हिशेब होता, पण तो शेर यांचा नव्हता. नृत्यसंगीताचा अल्बम करावा ही कल्पना वॉर्नर म्युझिकच्या ब्रिटनमधील शाखेचे प्रमुख रॉब डिकिन्स यांची होती, आणि शेर यांनी सुरुवातीला ती मानली नाही. अशा संगीतात ठेका असतो पण खरे गाणे नसते, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे अल्बमवर जी मेहनत झाली, तिचा मोठा भाग या आक्षेपाला उत्तर देण्यातच गेला.

त्या वेळची त्यांची स्थितीही पाहायला हवी. १९६५ साली सनी बोनो यांच्याबरोबर गायलेल्या गाण्याने प्रसिद्धीस आलेल्या, सत्तरच्या दशकात दूरचित्रवाणीवर घरोघरी पोहोचलेल्या आणि १९८८ साली ‘मूनस्ट्रक’ या चित्रपटासाठी सर्वोत्तम अभिनेत्रीचे ऑस्कर मिळवलेल्या शेर नव्वदच्या दशकात मात्र मागे पडत चालल्या होत्या. दीर्घ आजारपणामुळे काम कमी झाले होते आणि त्याच काळात त्यांनी केशप्रसाधनांच्या लांबलचक दूरचित्रवाणी जाहिरातींत काम केले, ज्याची बरीच थट्टा झाली. १९९५ सालचा त्यांचा अल्बम गायनाच्या दृष्टीने उत्तम असूनही अमेरिकेत फारसा चालला नाही. त्यामुळे लंडनहून आलेला हा प्रस्ताव एका यशस्वी कलावतीचा सहज बदललेला वेश होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

अल्बमचे शीर्षकगीत कसे तयार झाले, ही हकीकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ब्रायन हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या या गाण्याचा कच्चा नमुना कंपनीत पडून होता. त्याचे ध्रुवपद सर्वांना आवडत होते, पण कडवी कोणालाच पटत नव्हती. मेट्रो या निर्मितीसंस्थेतील पॉल बॅरी आणि स्टीव्ह टॉर्च यांच्याकडून ती नव्याने लिहून घेण्यात आली, आणि अखेर गाण्यावर गीत-संगीतकार म्हणून सहा जणांची नावे लागली. तरीही शेर यांचे समाधान झाले नव्हते. गाण्यातील स्त्री दुसऱ्या कडव्यातही नुसतीच दुःख करत राहते, हे त्यांना खटकत होते. एक कडवे रडण्यात जाऊ शकते, दोन नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. विचार करायला वेळ मिळाल्यावर त्या स्त्रीला आपणच त्या पुरुषापेक्षा सरस असल्याचे जाणवते, हे वळण आपण सुचवल्याचे त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितले. गीतकार म्हणून त्यांचे नाव मात्र गाण्यावर नाही. माझ्या मते त्या एका ओळीमुळे विरहगीताचे रूपांतर उभे राहण्याच्या गाण्यात झाले, आणि म्हणूनच नाचाचा ठेका त्याला शोभला. मूळचे रडके कडवे राहिले असते, तर तोच ठेका उपरा वाटला असता.

प्रश्न : या गाण्यातील आवाज यंत्राने दुरुस्त केलेला आहे, असे म्हणतात. मग गायिकेचे कौतुक कशासाठी करायचे?
— शास्त्रीय संगीताच्या विद्यार्थिनी, पुणे

तुमचा प्रश्न रास्त आहे. ‘ऑटो-ट्यून’ हे सॉफ्टवेअर १९९७ साली अमेरिकेतील अँटारेस या कंपनीने बाजारात आणले. त्याचे जनक अँडी हिल्डेब्रँड हे मूळचे तेलसंशोधनाच्या क्षेत्रातील अभियंते होते. जमिनीत ध्वनिलहरी सोडून, परत येणाऱ्या प्रतिध्वनींच्या गणितावरून खालच्या थरांचा अंदाज घेणे हे त्यांचे काम होते, आणि त्याच जातीचे गणित त्यांनी मानवी आवाजाचा सूर ओळखण्यासाठी वापरले. सूर किंचित हलला असेल तर तो जवळच्या अचूक स्वरावर आणून ठेवणे आणि हे श्रोत्यांच्या लक्षातही येऊ न देणे, हा या सॉफ्टवेअरचा हेतू होता.

ही दुरुस्ती किती वेगाने व्हावी, हे ठरवण्याची सोय त्यात असते. वेग मंद ठेवला तर आवाजाची नैसर्गिक हालचाल शिल्लक राहते. लंडन परिसरातील आपल्या स्टुडिओत निर्माते मार्क टेलर आणि ब्रायन रॉलिंग यांच्या चमूने हा वेग टोकाला नेला, म्हणजे दुरुस्तीला लागणारा वेळ शून्यावर आणला. तुम्ही संगीत शिकत असल्यामुळे याचा परिणाम तुम्हाला लगेच उमगेल : एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना गळ्यातून आपोआप येणारी मींड पूर्णपणे कापली जाते आणि आवाज पायरीवरून पायरीवर उडी मारावी तसा तुटक, धातूसारखा ऐकू येतो. उणीव झाकण्यासाठी केलेले साधन येथे उघड अलंकार म्हणून वापरले गेले. शेर यांचा खर्जाकडे झुकणारा, भरदार आवाज सुरात नव्हता म्हणून हे करावे लागले, असे मुळीच नाही. हा परिणाम प्रामुख्याने कडव्यांतील काही शब्दांवर ठळकपणे ऐकू येतो. ध्रुवपदात त्यांचा मूळचा आवाज पूर्ण ताकदीने समोर येतो, आणि तुटक आवाजानंतर तो आल्यामुळेच त्याचे वजन अधिक जाणवते.

कंपनीतील वरिष्ठांना हा प्रकार पसंत नव्हता आणि तो काढून टाकावा असे त्यांचे म्हणणे होते. शेर यांनी त्याला ठाम नकार दिला. टेलर यांनीही आपली युक्ती जपली. १९९९ साली एका ब्रिटिश ध्वनिमुद्रणविषयक मासिकाला त्यांनी हा परिणाम एका वेगळ्याच उपकरणातून साधल्याचे सांगितले होते. खरी गोष्ट पुढे उघड झाली, आणि तोवर हा परिणाम ध्वनिमुद्रणाच्या जगात शेर यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला होता. यानंतर अनेकांनी हेच साधन आळसाने वापरले, हे खरे आहे आणि त्याबद्दलची तुमची चीड मला समजते. पण त्याचा दोष पहिल्यांदा विचारपूर्वक वापर करणाऱ्यांकडे जात नाही.

प्रश्न : शेर यांनी नृत्यसंगीत प्रथमच गायले का?
— एक वाचक, बेळगाव

नाही. १९७९ साली डिस्कोची लाट जोरात असताना ‘टेक मी होम’ हा त्यांचा अल्बम आला होता आणि त्याचे शीर्षकगीत अमेरिकेत पहिल्या दहा गाण्यांत पोहोचले होते. फरक असा की तेव्हा त्या लाटेबरोबर गेल्या होत्या, तर १९९८ साली त्यांच्या वयाच्या मोठ्या गायिका त्या वाटेवर फारशा दिसत नव्हत्या.

प्रश्न : सनी बोनो यांच्या मृत्यूच्या दुःखातून हे गाणे आले, हे खरे आहे का?
— एक वाचक, मुंबई

सनी बोनो हे शेर यांचे माजी पती आणि सहगायक, आणि अखेरच्या काळात अमेरिकन प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. ५ जानेवारी १९९८ रोजी बर्फावर स्कीइंग करताना झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अंत्यविधीच्या वेळी शेर यांनी केलेले अश्रूभरले भाषण लक्षावधी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले, आणि अल्बम त्यांनी सनी यांनाच अर्पण केला. त्यामुळे प्रेमानंतरच्या आयुष्याविषयीचे हे गाणे श्रोत्यांनी त्या घटनेशी जोडले, तर त्यात नवल नाही. गाण्याचा गाभा मात्र त्या घटनेपूर्वी कित्येक वर्षे लिहिला गेला होता.

प्रश्न : आशा भोसले यांनी त्याच सुमारास केलेल्या पॉप गाण्यांशी याची तुलना करता येईल का?
— एक वाचक, सांगली

थोडीफार करता येईल. आशाताईंनी साठी ओलांडल्यावर, १९९७ साली, लेस्ली लुईस यांच्याबरोबर ‘जानम समझा करो’ हा अल्बम केला आणि तरुण श्रोत्यांनी तो उचलून धरला. वय आणि ठेका यांचे वैर नसते, हे दोघींनीही दाखवले. मात्र आशाताई गायनापासून कधी दूर गेल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या बाबतीत पुनरागमन हा शब्द मला वापरवत नाही.

प्रश्न : अल्बमला मिळालेले यश नेमके किती मोठे होते, आणि आज तो ऐकायचा झाल्यास सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, दुबई

शीर्षकगीत ब्रिटनमध्ये सलग ७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि १९९८ मधील तेथील सर्वाधिक खपाचे गाणे ठरले. मार्च १९९९ मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत अग्रस्थानी पोहोचले आणि ४ आठवडे तेथे टिकले. त्या वेळी शेर ५२ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या आधीच्या अग्रस्थानाला, म्हणजे १९७४ सालच्या गाण्याला, २५ वर्षे झाली होती. २००० साली या गाण्याला सर्वोत्तम नृत्यध्वनिमुद्रणाचे ग्रॅमी मिळाले आणि तो त्यांचा पहिलाच ग्रॅमी होता. इतक्या वर्षांच्या कारकिर्दीला पहिला ग्रॅमी इतक्या उशिरा मिळावा, ही गोष्ट शेर यांच्यापेक्षा पुरस्कार देणाऱ्यांविषयी अधिक सांगते.

अल्बममध्ये एकूण १० गाणी आहेत आणि सर्व सारख्या तोलाची नाहीत. उत्तरार्धातील काही गाण्यांत ठेकाच वरचढ होतो आणि शेर यांचा सुरुवातीचा आक्षेप तेथे खरा वाटू लागतो. शीर्षकगीत तुम्ही ऐकलेले असणारच, म्हणून सुरुवात ‘स्ट्राँग इनफ’पासून करा, कारण त्यात सत्तरच्या दशकातील डिस्कोची तंतुवाद्ये आणि शेर यांचा निखळ आवाज एकत्र ऐकायला मिळतो. त्यानंतर अखेरचे ‘वी ऑल स्लीप अलोन’ ऐका. हे गाणे त्यांनी १९८७ साली रॉकच्या अंगाने गायले होते आणि येथे ते नृत्याच्या ठेक्यावर नव्याने गायले आहे. दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली, तर या दहा-अकरा वर्षांत त्यांच्या गायकीत काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे तुमच्या तुम्हालाच ठरवता येईल.