ब्रेक गेलेला ट्रक गोट्यांत कसा थांबतो?

प्रश्न : मुलीकडे डेन्व्हरला गेलो असताना आय-७० महामार्गाच्या उतारावर ‘रनअवे ट्रक रॅम्प’ अशी पाटी पाहिली. बाजूला गोट्यांनी भरलेली रुंद पट्टी. भरधाव ट्रक त्यात शिरून उलटणार नाही का? आणि एवढंच असेल तर आपल्या घाटांत खडीचे चार ढीग टाकायला काय हरकत आहे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हरकत खडीलाच आहे. नोकरीभर मी खडी दाबून घेतली. क्रशरची खडी टोकदार, रोलर फिरला की एकमेकींत अडकून घट्ट बसते. रस्त्याला तेच हवं. इथे नेमकं उलट. गोल, गुळगुळीत, शक्यतो एकाच मापाचे, अर्ध्या-पाऊण इंचाचे गोटे लागतात. चाक आलं की ते बाजूला सरकतात, चाक रुततं आणि गाडीचा जोर गोटे ढकलण्यातच जिरतो. डांबरावर चाकांना होणारा विरोध गाडीच्या वजनाच्या जेमतेम १ टक्का. अशा गोट्यांत तो २५ टक्के धरतात. त्या हिशेबाने ताशी १०० किमीने आलेला ट्रक सपाट पट्टीतही १६० मीटरच्या आसपास उभा राहतो. पट्टी चढती असेल तर त्याहून आधी.

उलटण्याची भीती रास्त आहे. म्हणून तोंडाशी थर ७-८ सेंटिमीटरचाच ठेवतात आणि पुढे वाढवत मीटरभर नेतात. पुढची दोन्ही चाकं एकदमच गोट्यांत शिरली पाहिजेत, नाहीतर गाडी एका अंगाला ओढली जाते. पट्टीला वळणही देत नाहीत. नुसता पक्का चढ बांधला तर ट्रक थांबेल, पण ब्रेक नसल्याने लगेच मागे घरंगळेल.

आपल्याकडे खरी कसोटी पावसाळ्याची. डोंगराची माती वाहून गोट्यांत बसली की थर घट्ट झालाच. खाली निचरा हवा आणि वरचेवर उकरून पट्टी भुसभुशीत ठेवायला हवी. टेंडरमध्ये बांधकाम असतं, हे उकरणं राहून जातं! शिवाय मोकळी जागा दिसली की गाडी लावून डबा उघडणारे आपण. रॅम्पच्या तोंडाशी एक टेम्पो उभा असला तरी सगळं मुसळ केरात.

आणि ड्रायव्हरने तिकडे वळायला हवं. तुम्ही पाहिलेल्या त्याच आय-७० वर, डेन्व्हरजवळ लेकवुडला, २५ एप्रिल २०१९ रोजी लाकडं भरलेला ट्रक ब्रेक गेल्यावर वाटेतला रॅम्प सोडून पुढे गेला आणि खालच्या गर्दीत घुसला. चार माणसं गेली. म्हणून पाटी एक पुरत नाही. वरपासून दोन-तीनदा सांगावं लागतं.

गोट्यांत रुतलेला ट्रक आपला आपण निघत नाही. त्यासाठी पट्टीला लागून क्रेनपुरता पक्का रस्ता ठेवतात. ट्रक ओढून काढला की चाकोऱ्या त्याच दिवशी बुजवायच्या. दुसरा ट्रक कधी येईल याचा नेम नाही.