आधी कुठे अडलंय ते बघ

मुलुंड, रविवार

प्रिय भाचेबाई,

बाबांच्या छापखान्याच्या साइटबद्दलचे तुझे रात्रीचे सगळे मेसेज सकाळी एका दमात वाचले. शेवटचा, 'मावशी, हे माझ्याच्याने होणार नाही,' तोही. फोनवर बोललो असतो तर तू एकेक तक्रार सांगत गेली असतीस, मी एकेक उपाय सांगितला असता, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. म्हणून लिहून पाठवते.

तुझ्या तक्रारी ओळीने लावून पाहिल्या. पत्ता टाकला की पान उघडत नाही. लग्नपत्रिकांचे फोटो लॅपटॉपवर दिसतात, साइटवर नाही. रंग बदलला तरी जुनाच दिसतो. फोनवर अक्षरं वाचता येत नाहीत इतकी बारीक. आणि बाबांच्या मराठी मजकुराच्या जागी भलतीच चिन्हं. या पाचांचं तू एकच कारण काढलंस: आपल्याला कोडिंग येत नाही. खरं सांगू? पाचांपैकी एकाचाही कोडिंगच्या अकलेशी फारसा संबंध नाही.

तुझ्या लॅपटॉपपासून गिऱ्हाइकाच्या फोनपर्यंत ते पान बऱ्याच जणांच्या हातून जातं. डोमेन म्हणजे साइटचं नाव विकणारी कंपनी, त्या नावावरून योग्य कॉम्प्युटरचा पत्ता सांगणारा नेमसर्व्हर, साइटच्या फाइली ठेवणाऱ्या होस्टिंगवाल्याचा कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर, त्यातला फोल्डर, शेवटी पान दाखवणारा ब्राउझर. कुठेही अडलं तरी तुला समोर दिसतं ते कोरं पान. लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये उभी राहिली की डब्यातल्या माणसाला सिग्नल गेलाय, वायर तुटलीय की पुढे गाडी आहे, काही कळत नाही. राग मात्र मोटरमनवर निघतो. तू तो स्वतःवर काढते आहेस. मला एवढंच सांगायचंय की दुरुस्तीला हात घालण्याआधी कुठे अडलंय ते शोध. नवीन शिकणारी मुलं नेमकं उलटं करतात. पान दिसलं नाही की कोड बदलतात, मग फाईलचं नाव बदलतात, मग होस्टिंगच्या सेटिंगमध्ये काहीतरी दाबतात, आणि तासाभराने मूळ बिघाड कुठला आणि आपण घातलेला कुठला हेच ओळखू येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाहायचं, फरक पडला नाही तर ती परत होती तशी करायची.

शोधायचं कसं, तर आधी ब्राउझर काय म्हणतोय ते शब्दशः वाच. तू मला 'एरर येतोय' एवढंच लिहिलंस. कुठला? 'सर्व्हर सापडत नाही' असं असेल तर गाडी नावापाशीच अडली आहे, तुझ्या फाइलींपर्यंत कोणी पोचलेलंच नाही. तिथे पानाच्या कोडमध्ये, म्हणजे एचटीएमएलमध्ये, कितीही खाडाखोड केलीस तरी व्यर्थ. ४०४ हा आकडा असेल तर ती चांगली बातमी समज. सर्व्हर सापडला, फक्त त्या नावाची फाईल तिथे नाही. ४०३ आला तर बहुतेक वेळा फोल्डरमध्ये इंडेक्स नावाची, म्हणजे पहिल्या पानाची, फाईल नसते, किंवा ती उघडायची परवानगी नसते. ५०० म्हणजे सर्व्हरवर चालणारा एखादा प्रोग्रॅम मध्येच कोलमडला; तुझ्या साध्या पानांना तो सहसा यायचा नाही, वर्डप्रेस या तयार साइट-प्रोग्रॅमवाल्यांना प्लगइनमुळे, म्हणजे त्याला जोडलेल्या जादा तुकड्यांमुळे, येतो. आणि पान उघडलं पण त्यातलं काही गायब असेल, तर एफ-१२ दाब. उघडलेल्या खिडकीत नेटवर्क नावाचा टॅब आहे, तो उघडा ठेवून पान पुन्हा लोड कर. जी फाईल आली नाही ती लाल दिसेल, आणि ब्राउझर तिला नेमकं कुठे शोधत होता तेही दिसेल. ही खिडकी वापरायची सवय लागली की तुझी निम्मी चिडचिड जाईल.

तुझ्या फोटोंचं मी इथूनच सांगते. विंडोजला फाइलीच्या नावातलं मोठं आणि लहान इंग्रजी अक्षर सारखंच. होस्टिंगचे कॉम्प्युटर बहुतेक लिनक्सवर चालतात आणि तिथे ती दोन वेगळी नावं ठरतात. फोनने फाइलीच्या शेवटी कॅपिटल जेपीजी लावलं, तू कोडमध्ये स्मॉल लिहिलंस. घरी दिसलं, साइटवर नाही. नावं सगळी लहान इंग्रजी अक्षरांत ठेव, मध्ये स्पेस नको, आडवी रेघ चालेल. आणि फोटोचा पत्ता 'सी ड्राइव्ह'पासून सुरू होत असेल तर तो फोटो तुझ्याखेरीज जगात कोणालाच दिसणार नाही. तेही एकदा बघून घे.

डोमेन आणि होस्टिंग दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेतलंस, ते ठीकच आहे. पण मग पहिल्या कंपनीच्या पॅनलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या पानावर, दुसरीचे नेमसर्व्हर भरावे लागतात. भरले की लगेच दिसत नाही, कारण जुना पत्ता ठिकठिकाणी काही काळ साठवलेला असतो. काही तास लागतात. कंपन्या ४८ तासांपर्यंतचा वायदा करतात. त्या काळात दुकानातल्या वायफायवर जुनं पान आणि तुझ्या मोबाइल डेटावर नवीन, असंही होतं. शुक्रवारी रात्री बदल, आणि शनिवारी सकाळी उतावीळ होऊन पुन्हा बदलू नकोस.

रंग जुनाच दिसतो तो ब्राउझरने फाईल साठवून ठेवलेली असते म्हणून. कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाब. फोनवर अक्षरं बारीक, कारण पानाच्या डोक्यात, म्हणजे कोडच्या सुरुवातीच्या हेड भागात, व्ह्यूपोर्टची (पडद्याची रुंदी सांगणारी) ओळ नाही. ती नसली की फोन पानाची रुंदी साधारण ९८० पिक्सेल धरतो आणि अख्खं पान आकसून पडद्यात बसवतो. एका ओळीचं काम आहे.

चौकट पानाच्या मधोमध येत नाही म्हणून तू रडकुंडीला आलीस, त्यावर मात्र हसू आलं. वेब मुळात टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न संशोधन संस्थेत, शास्त्रज्ञांना कागदपत्रं एकमेकांना वाचता यावीत म्हणून उभं केलं. मांडणी-सजावटीची सीएसएस मागाहून आली, तिचं पहिलं प्रमाणित रूप १९९६च्या डिसेंबरातलं. पान वरून खाली वाचायचा कागद आहे हे गृहीत धरलेलं, त्यामुळे एखादी गोष्ट उभ्या दिशेने मधोमध आणायला पुढची कित्येक वर्षं मुरलेले लोकही आडवळणाने जात. आता सीएसएसमध्येच फ्लेक्सबॉक्स ही मांडणीची सोपी रीत आहे, ती शीक, दोन संध्याकाळी पुरतील. जुने व्हिडिओ बघून त्यातल्या युक्त्या उतरवू नकोस.

आता बाबांचा मजकूर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण गिरगावातल्या छापखान्याची साइट मराठीत अशुद्ध दिसली तर न केलेली बरी. शिवाय इंग्रजीतून शिकवणारे ही गोष्ट सांगतच नाहीत.

भावोजींच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षांचा पत्रिकांचा मजकूर छपाईच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये पडून आहे. त्या फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरी आकार चढवतो. छापायला काही अडत नाही. पण तो मजकूर तू साइटवर चिकटवलास की गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसतो, आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. हा मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नकोस. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करत आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलटं. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो चुकतो. 'कऱ्हाडे'मधला ऱ्ह तर हमखास तपास. दोन-चार पत्रिका बदलून झाल्या की कागदावर छापून भावोजींना वाचायला दे. त्यांच्या डोळ्यांतून चूक सुटत नाही.

युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूरही बिघडतो, पण त्याची कारणं वेगळी. एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन अनोळखी चिन्हं दिसली तर घाबरू नकोस. मजकूर शाबूत आहे, वाचणारा चुकीच्या तऱ्हेने वाचतोय. यूटीएफ-८ ही युनिकोड मजकूर साठवायची रीत, तिच्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह तीन बाइट घेतं, आणि ब्राउझर त्या तिघांना तीन सुटी अक्षरं समजतो. फाईल यूटीएफ-८मध्ये सेव्ह कर, पानाच्या डोक्यात कॅरसेटची, म्हणजे मजकूर यूटीएफ-८मध्ये आहे हे सांगणारी, ओळ टाक, सगळं जागेवर येईल. पण नुसती प्रश्नचिन्हं दिसली आणि कोड उघडल्यावर आतही प्रश्नचिन्हंच असली, तर मजकूर सेव्ह करतानाच गेला. तो परत यायचा नाही, मूळ प्रतीवरून पुन्हा घ्यावा लागेल. म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवायची.

दिसण्याचंही बघ. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये अक्षरांमधली जागा वाढवायची फॅशन असते. तीच आपल्या मथळ्याला लागली की शिरोरेषा तुटते. ते काढून टाक. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेव, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांग, म्हणजे काही फॉन्ट आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. फॉन्ट फुकटात चांगले आहेत. 'मुक्ता' वापरून बघ, मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या गटाने केलेला.

फोटोंबद्दल अजून एक. फोनचा फोटो सहज ४-५ एमबी भरतो. तीस पत्रिका तशाच चढवल्यास तर एक पान सव्वाशे एमबीच्या पुढे जाईल, आणि तुझं गिऱ्हाईक ते संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने उघडणार आहे. रुंदी १२०० पिक्सेलवर आण, दाबून दीड-दोनशे केबीत बसव. घरच्या वायफायवर साइट झकास चालते म्हणून समाधान मानू नकोस. कॉलेजला जाताना गाडीत उघडून बघ.

एआयला विचारून कोड घेतेस ते चांगलंच आहे, मी शिकत होते तेव्हा मला कोणी इतकं पटकन सांगायला नव्हतं. फक्त तो अख्खी फाईल नव्याने लिहून देतो आणि तू ती जशीच्या तशी चिकटवतेस, मग काय बदललं ते तुलाही माहीत नसतं. त्याला एररची ओळ पूर्ण दे, आणि विचार की हे कुठे अडलं असेल, ते कसं तपासू. उत्तराचा सूरच बदलतो.

वर्डप्रेस घेऊ का म्हणून विचारलंस. नको. निदान आत्ता नको. भावोजी स्वतः दर आठवड्याला नवे नमुने चढवणार असतील तर विचार करू. चार पानांसाठी प्लगइन अपडेट करत बसायचं कशाला?

पैशांचं. होस्टिंगची पहिल्या वर्षाची किंमत बघू नकोस, दुसऱ्या वर्षाची बघ. ती बारीक अक्षरांत असते. एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणारं प्रमाणपत्र, विकायला कोणी आलं तर साध्या साइटला पैसे मोजू नकोस, लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा २०१५पासून ते फुकट देते आणि बऱ्याच होस्टिंगच्या पॅनलमध्ये त्याचं बटण असतं. पण ते लाव नक्की. २०१८पासून क्रोम त्याच्याशिवायच्या साइटवर 'असुरक्षित' लिहितो, आणि लग्नाघरचे लोक तेवढ्यावर परत जातात. देवनागरीतलं डॉट भारत डोमेन २०१४पासून मिळतं, भावोजींना आवडेलही, पण ते जोडीला घे. व्हिजिटिंग कार्डावर सध्या इंग्रजीच असू दे, फोनवर सांगायला सोपं पडतं.

आणि डोमेन तुझ्या कॉलेजच्या ईमेलवर घेतलं असशील तर आजच बदल. कॉलेज संपलं की तो ईमेल बंद होईल, मुदत संपल्याची सूचना कोणीच वाचणार नाही, आणि दुकानाचं नाव दुसराच कोणी घेऊन बसेल. मालक म्हणून भावोजींचं नाव, ईमेल दुकानाचा, पासवर्ड वहीत. बिल छापून दुकानाच्या फायलीत लाव.

येत्या शनिवारी दुपारी मी दुकानावर येते. तोवर एकच पान चढवून ठेव: नाव, पत्ता, वेळ, फोन नंबर. सजावट काही नको. लॅपटॉपचा चार्जर आण, आणि ताईला सांग की मी चहालाच थांबेन, जेवणाचा घाट घालू नकोस.

तुझी,
मावशी