सेकंडहँड एक्स१ घेतोयस तर आधी साल बघ

भावा, बीएमडब्ल्यू एक्स१ घेतोयस ते भारीच, पण किलोमीटरच्या आधी मॉडेल साल बघ. आपल्याकडं 2016 ला नवी पिढी आली, त्याआधीची रिअर-व्हील बेसवरची, म्हणजे इंजिनची ताकद मुख्यतः मागच्या चाकांना, चालवायला मजा पण मागं पाय आखडतात, नवीत घरची माणसं ऐसपैस बसतात. 2020 ला फेसलिफ्ट, म्हणजे त्याच पिढीचं रूप थोडं बदललेलं मॉडेल, आणि बीएस6, म्हणजे धुराच्या नव्या नियमाचं इंजिन आलं. जुन्या डिझेलची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी साखळी, गिअरबॉक्सच्या बाजूला असते, काम निघालं की खर्च लई, म्हणून सकाळी थंड इंजिन स्वतः स्टार्ट करून खरखर येते का ऐक, पण त्याआधी बोनेटला हात लाव, गरम लागलं म्हणजे गाडी आधीच चालू केलेली, तर दुसऱ्या दिवशी परत जा. एसी मात्र भर दुपारी, होटगी रोडला गाडी उभी ठेवूनच चेक कर, सोलापूरचं ऊन आहे बाबा. टायरवर 2319 दिसलं तर टायर 2019 च्या 23व्या आठवड्यात बनलाय समज.