मॉडेल कारच्या क्रोम बंपरवरची साच्याची रेघ घालवून चमक परत कशी आणायची?

तुम्ही म्हापशाहून विचारलंय की १/२५ स्केलची १९५७ ची शेव्हरोले बेल एअर जुळवताना क्रोमच्या बंपरवर साच्याची रेघ दिसते, स्प्रूपासून (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यापासून) कापलं तिथे पांढरा डाग पडलाय. सगळं क्रोम काढावं की प्लेटिंगवाल्याकडे द्यावं, आणि चवथीपर्यंत काम होईल का?

प्लेटिंगवाल्याकडे देऊ नका. खऱ्या बंपरवर तांबं, निकेल आणि शेवटी क्रोमियमचा अगदी पातळ थर विजेच्या मदतीने चढवतात. एबीएस प्लास्टिकवरही तसं करता येतं, पण किटचे पार्ट असतात पॉलिस्टायरीनचे, त्यावर ती नेहमीची पद्धत चालत नाही. किटच्या 'क्रोम'मध्ये क्रोमियम नसतंच. आधी लॅकर, मग निर्वात पेटीत वाफ करून बसवलेलं अ‍ॅल्युमिनियम, आणि वरून पुन्हा पारदर्शक लॅकर. अ‍ॅल्युमिनियमचा हा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. म्हणून खालची प्रत्येक रेघ वर उमटते.

सरसकट सगळं क्रोम मात्र काढू नका. कारखान्यातून आलेल्या चमकीची बरोबरी हाताने करणं अवघड आहे. ज्या पार्टवर रेघ समोरून दिसते तेवढेच उतरवा, म्हणजे तुमच्या बाबतीत दोन्ही बंपर. समोरच्या जाळीला तर हातच लावू नका. खऱ्या बेल एअरची जाळी सोनेरी असायची. किटच्या क्रोमवर पारदर्शक पिवळ्यात थेंबभर पारदर्शक नारिंगी मिसळून लावलं की हुबेहूब तो रंग येतो. सोनेरी प्लेटिंगचे पार्ट कारखान्यातही असेच करतात, अ‍ॅल्युमिनियमवर रंगीत लॅकर देऊन.

बंपर उतरवायला कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच पुरतं. प्लास्टिकच्या डब्यात पार्ट बुडवून ठेवा. कापलेल्या जागेपासून चमक विरायला लागते आणि हळूहळू पार्ट उघडा पडतो. घाई असेल तर कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून वापरतात, पण हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि भांडं चुकूनही अ‍ॅल्युमिनियमचं नको, तेही खाल्लं जाईल. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. खालचं लॅकर राहिलं तर बारीक पॉलिशपेपरने पाण्यात घासून काढा, साच्याची रेघही तशीच घासून सपाट करा, आणि मग चमकदार काळ्या रंगाचा (ग्लॉसचा) थर द्या. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर (रंग पातळ करायचं जहाल द्रावण) लावलंत तर लॅकरबरोबर बंपरही विरघळेल.

आता खरी मेख. आरशासारखी चमक ही वरच्या रंगापेक्षा खालच्या काळ्या ग्लॉसवर ठरते. काळा रंग पूर्ण वाळला की बंपर ट्यूबलाइटखाली धरा. ट्यूबचं प्रतिबिंब सरळ, धारदार कडांचं दिसलं तर पुढे जा. कडा थरथरत्या दिसल्या तर पुन्हा घासा, कारण क्रोम रंग ती थरथर झाकत नाही, उलट उठवून दाखवतो. आल्क्लाड या कंपनीच्या रंगासारखा क्रोम रंग एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाने) १२ ते १५ पीएसआय इतक्या हवेच्या दाबावर, धुक्यासारखा पातळ मारायचा. जाड मारला की नुसता करडा दिसतो.

पण चवथीच्या आधी म्हणजे ऐन पावसात, आणि आपल्याकडची तेव्हाची हवा तुम्हाला ठाऊक आहे. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि काळा ग्लॉस दुधाळ होतो. एअरब्रशच्या कॉम्प्रेसरला वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) लावला तरी खोलीतली दमट हवा तशीच राहते. एसी असलेल्या खोलीत बराच वेळ ड्राय मोडवर ठेवून काम करता आलं तर ठीक. नाहीतर मी तुमच्या जागी असतो तर चवथीसाठी मोलोटो कंपनीचा क्रोम पेन (क्रोमसारख्या शाईचा मार्कर) वापरला असता. त्याची शाई आपोआप पसरून सपाट होते, ब्रशच्या खुणा राहत नाहीत. पण वाळायला ती बरेच दिवस घेते, आणि तोवर बोट लागलं की चमक गेली. वरून पारदर्शक कोट दिलात तरी ती मंदावते. म्हणून बंपर सगळ्यात शेवटी, चिमट्याने धरून बसवा.

बॉडीवरच्या कडेच्या पट्ट्यांसाठी रंग नकोच. बेअर मेटल फॉइल (मागे गोंद असलेला धातूचा अगदी पातळ पत्रा) चिकटवा, टूथपिकने दाबून घ्या आणि नव्या पात्याने कडेकडेने कापा. हे काम पावसात बिनधास्त होतं.

चिकटवताना एक लक्षात असू द्या. प्लास्टिक सिमेंट क्रोमवर धरत नाही. सांध्याच्या जागी पात्याच्या पाठीने खरवडून नुसतं प्लास्टिक उघडं करा, बॉडीच्या बाजूचा रंगही तेवढाच काढा, मगच सिमेंट लावा. क्रोम एअरब्रशनेच करायचं असेल तर बंपर दसऱ्यानंतर कोरड्या हवेत करून बघा.